दुसरा ड्रिल कोणी मोडला

कुडाळच्या आमच्या कारखान्यात एक लेथ आहे. काही काळ तो दोन माणसांनी मिळून चालवला. एकाने हातांनी आणि दुसऱ्याने पायांनी. हातांचा माणूस मी. पायांचा माणूस पांडूदादा.

असं एकदम सुरू केलेलं बरं दिसतं की नाही, मला माहीत नाही. मॅट्रिक झाल्यावर सहा वर्षं मी टर्नरचं काम केलं आणि मग कॉलेजात नाव घातलं, त्यामुळे वर्गात मी सगळ्यांत मोठा. पहिल्या दिवशी एक मुलगा मला शिपाई समजून खडू मागायला आला होता. मी आणून दिला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कोणी आतून पाहिलेलं नाही. वडील भात करतात, काजूची चार झाडं आहेत. या अंकाच्या संपादकांना काम करून शिकणाऱ्या एखाद्या मुलाचा लेख हवा होता, तेव्हा आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं. सुट्टीत आणि रविवारी मी अजूनही कारखान्यात जातो. म्हणजे आठवणी लिहायला बसलेल्या माणसाकडे जो निवांतपणा असतो तो माझ्याकडे नाही. लिहिताना कागदाला तेल लागू नये एवढीच काळजी घेतो आहे.

कारखाना तात्यांचा. तात्यांनी मुंबईत एका मोठ्या कारखान्यात वीस वर्षं मशीनवर काढली आणि मग गावी येऊन ही शेड घातली. दोन जुने लेथ, भोकं पाडायचं एक मशीन, आणि सगळ्यांना पट्ट्यांनी फिरवणारं एक ऑइल इंजिन. भाताच्या गिरणीचे शाफ्ट, रहाटाचे कणे, गाडीचे आस अशी आमची कामं. एक आजी दर चतुर्थीच्या आधी अडकित्त्याची खीळ घट्ट करून घ्यायला यायच्या आणि काम होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत उभ्या राहायच्या, कारण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की कारखानेवाले चांगलं पोलाद बदलून वाईट घालतात. बारीक कामाची हौस मात्र तात्यांना मुंबईपासूनची. ती भागवायला त्यांनी गोवा मोकळा झाल्याच्या दुसऱ्या वर्षी म्हापशाहून एक स्विस लेथ आणला. लिस्बनला निघालेल्या कोणा कारखानदाराने जे जे विकायला काढलं होतं, त्यातला.

स्विस लेथ म्हणजे काय, ते सांगतो. साध्या लेथवर सळी जागच्या जागी फिरते आणि हत्यार तिच्या अंगावरून सरकत जातं. सळी बारीक आणि लांब असली की मध्ये वाकते. स्विस लेथमध्ये हत्यार जागेवर राहतं आणि सळीच फिरत फिरत एका घट्ट बुशातून पुढे येते. बुशातून बाहेर आली की तिथेच, तोंडाशी, कापली जाते. आमच्याकडे बायका केरसुणीसाठी झावळाचे हीर, म्हणजे काड्या, काढतात तेव्हा हीर सुरीच्या अगदी जवळ चिमटीत धरतात. दूर धरला तर हीर वाकतो आणि सुरी घसरते. ती चिमूट म्हणजे बुश. हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मगे ह्येच्यात शिकाक काय आसा?"

लेथ ट्रकमधून येताना इन्सुलीच्या नाक्यावर अडवला गेला. त्या दिवसांत गोव्याकडून येणाऱ्या प्रत्येक खोक्यात बाटल्या असणार असं धरूनच चालत. हवालदारांनी खोकं उघडलं. बाटल्या नव्हत्या, पण पोर्तुगीज वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन लांब, बारीक, पोकळ कांड्या निघाल्या.

"हे काय? बंदुकीची नळी?" हवालदारांनी विचारलं.

"नळी नव्हे साहेब," तात्या अभिमानाने म्हणाले, "नळीला भोक पाडायचं हत्यार."

या उत्तरामुळे आम्ही नाक्यावर दुपारपर्यंत बसलो.

त्या तीन कांड्या म्हणजेच या गोष्टीतले तीन ड्रिल. प्रत्येक वीतभर लांब आणि जेमतेम गवताच्या काडीएवढा जाड. ड्रिलच्या पोटातून आरपार एक भोक. का? तर खोल भोक पाडताना निघालेला कीस बाहेर यायला हवा. तो आत दाटला की ड्रिल अडकतो, तापतो आणि काडकन मोडतो. बाहेरून कितीही तेल ओतलं तरी ते भोकाच्या तोंडाशीच सांडतं, आत टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून तेल ड्रिलच्या पोटातून जोराने आत सोडायचं. ते टोकाशी निघतं, टोक थंड करतं आणि ड्रिलच्या अंगाला असलेल्या खाचेतून कीस घेऊन बाहेर येतं. सगळी करामत त्या जोराची. जोर कमी पडला तर ड्रिल गेला. आणि तसला ड्रिल तेव्हा मुंबईतही मिळत नव्हता. परदेशातून मागवायचा तर परवाना हवा. तात्यांनी अर्ज करून ठेवला होता. उत्तर अजून यायचं आहे.

लेथ कारखान्यात उतरवल्यावर कळलं की तेल सोडणारा पंप त्याच्याबरोबर आलेलाच नाही. पंपाच्या जागी चार बोल्टांची चार रिकामी भोकं होती. तात्यांनी त्या भोकांत एकेक करून बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "बघूया वायच तसाच." त्यांनी डब्यातून तेलाची धार सोडली आणि पहिला ड्रिल दोन मिनिटांत मोडला.

"मी मोडलंय," तात्या म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. तुकडा त्यांनी खिळ्याला दोरीने बांधून भिंतीवर टांगला. येईल त्याला ते स्वतःच सांगत, हा माझ्या घाईचा.

मग जोर आणायचा कसा याचा विचार सुरू झाला. तात्या म्हणाले, उंचावरून पाणी आलं की जोराने येतं, तसं तेलही येईल. कारखान्यामागे एक उंच माड होता. नारळ काढणाऱ्या पाडेल्याला बोलावून माडाच्या शेंड्याशी एक डबा बांधला आणि तिथून खाली नळी आणली. तात्यांनी मुंबईहून मागवलेलं मशीनचं तेल संपलं होतं, म्हणून डब्यात होड्यांना लावतात ते माशाचं तेल भरलं. जोर बरा आला, खोटं कशाला सांगू. पण तासाभरात तालुक्यातले सगळे कावळे त्या माडावर जमले, डबा कलंडला, आणि शेजारच्या दुकानदारांच्या वाळत घातलेल्या धोतरांवर तेलाचा पाऊस पडला. हे दुकानदार म्हणजे बोलायला तिखट माणूस. पुढे आठ दिवस मांजरं त्यांच्या मागे फिरत होती आणि ते आमच्या मागे.

पंप शेवटी मिळाला तो बुवांकडे. बुवा हे इन्सुलीचे सुपारीचे बागायतदार. भजनही करतात म्हणून बुवा. पावसाळ्यात सुपारीला कोळे रोग लागतो, फळं गळतात. तो लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून ते निळं पाणी झाडांच्या शेंड्यांवर फवारतात. त्यासाठी पायाने दाबायचा एक पितळी पंप असतो. एकाने पायटा दाबत राहायचं आणि दुसऱ्याने नळी धरायची. पाणी चाळीस हात वर जातं. तो पंप बघून तात्यांचे डोळे चमकले. बुवांची पहिली फवारणी नुकतीच झाली होती, दुसरी श्रावणातल्या उघडिपीत व्हायची होती. "तवसर वापरा," बुवा म्हणाले. आणि मला बाजूला घेऊन, "बरो धू हां. पोटातलो गाळ काढ."

मी पंप दोन बादल्या पाण्याने धुतला. एसटीची वेळ झाली होती.

दाट तेल त्या पंपातून चढेना, म्हणून पाण्यात कालवायचं तेल घेतलं. ते पाण्यात घातलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. आम्ही त्याला दूधच म्हणत असू. आता पायटा दाबायला माणूस हवा होता, आणि तिथे पांडूदादा आला. तो मूळ आंबोलीचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. आमच्याकडे तो इंजिनाचं हँडल मारायचा, कीस झाडायचा. शाळेत गेलेला नाही. मला तो पहिल्या दिवसापासून "मॅट्रिक" म्हणतो. घाटात वाढलेले त्याचे पाय म्हणजे दोन खांब. पण खरी गंमत जोराची नव्हती, सारखेपणाची होती. आमच्याकडे दाब दाखवणारा काटा नव्हता. पांडूदादा एका हाताने दांडा धरून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि एका लयीत पायटा दाबायचा. मी विचारलं, "डोळे कित्याक मिटतंस?" तर म्हणाला, "बघूक लागलंय तर पायाचा ऐकाक येणा नाय."

मी हसलो होतो. हेही लिहायला हवं.

काम चांगलं आलं होतं. मालवणच्या बंदरात एक मेस्त्री होड्यांना इंजिनं बसवत असत. त्या इंजिनांना बोटाएवढी लांब, मधून पोकळ अशी एक पिन लागे. पोकळीतून तेल आत जातं आणि फिरणारा भाग झिजत नाही. पिना बाहेरून यायच्या त्या येईनाशा झाल्या. बारा होड्या, प्रत्येकीला आठ, वर चार शिलकी. शंभर पिना नारळी पौर्णिमेआधी हव्या होत्या. पुनवेला नारळ सोडला की होड्या समुद्रात जातात. मेस्त्री स्वतः कुडाळला येऊन बजावून गेले, "तात्यानु, पिना नाय झाले तर माझी इंजिनां रेतीत बसान काय वाळू पिसतली?"

तात्यांनाही पौर्णिमेची मुदत होती. मुंबईचा एक व्यापारी स्विस लेथ मागत होता. घरचे सगळे म्हणत होते, देऊन टाका, इथे कोणाला हवा आहे तो? तात्यांनी घरात सांगून टाकलं होतं की पुनवेपर्यंत शंभर पिना झाल्या नाहीत तर लेथ मुंबईला जाईल.

बावीस पिना झाल्या. त्यांच्यावर तांबूस झाक दिसत होती, कुंकवाचं बोट पुसल्यासारखी. शेजारचे दुकानदार बघायला आले आणि त्यांनी हातच जोडले, "तात्यानु, देवीन कुंकू लावलां." धोतरं विसरून ते प्रथमच आमच्याशी बरं बोलले, म्हणून आम्ही ते मान्य करून टाकलं. दूधही जरा फाटल्यासारखं दिसत होतं, वर साय यायची. मला वाटलं पावसाळी हवा. मी चमच्याने साय काढून टाकत होतो.

तेविसाव्या पिनेला पांडूदादाने डोळे उघडले. "पंप जड झालो रे."

"दाब तू," मी म्हणालो. ड्रिल अर्ध्यावर होता.

"जड झालो म्हणतंय. खंय तरी तुंबलां."

"तू नीट दाब. लय सोडू नको."

काडकन आवाज झाला. तो आवाज इंजिनाच्या धडधडीतसुद्धा ऐकू येतो. का ते माहीत नाही, पण येतो.

तात्या आतून धावत आले. लेथ थांबला होता आणि ड्रिलचं टोक पिनेत राहिलं होतं. "काय झालां?" त्यांनी विचारलं. ते माझ्याकडे बघून विचारत होते, कारण मशीन माझ्या हातात होतं.

"पांडूदादाचो पाय चुकलो," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून इतक्या सहज गेलं की मलाच नवल वाटलं.

पांडूदादा म्हणाला, "पंप जड झाललो. मी सांगललंय."

तात्यांनी दोघांकडे पाहिलं. एक मॅट्रिक, एक अंगठेबहाद्दर. ते काय समजले हे पांडूदादाला कळलं. त्याने पंपाच्या दांड्यावरचं आपलं फडकं काढून खांद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी इंजिनाचं हँडल मारायला तो आला नाही. आंबोलीला गेला असं समजलं. शेजारच्या दुकानदारांनी त्याच दिवशी त्याला नाव ठेवलं, "ड्रिलमोड्या पांडू". गिऱ्हाइकाला गूळ बांधून देताना ते हे नावही फुकट बांधून देऊ लागले.

तिसरा ड्रिल तात्यांनी डब्यात घालून कपाटात ठेवला आणि चावी जानव्याला बांधली. लेथवर गोणपाट टाकलं. मी साध्या लेथवर गिरणीचे शाफ्ट करत राहिलो. चार दिवस असे गेले. पौर्णिमेला आठ दिवस उरले.

पाचव्या दिवशी बुवा छत्री टेकत पंप न्यायला आले. "दोन दिसांत उघडीप होतली, असां वाटता," ते म्हणाले. मग त्यांना ताटातल्या पिना दिसल्या. त्यांनी एक उचलली, उजेडात धरली, नखाने तांबूस झाक खरवडली आणि मोठ्याने हसले.

"तात्या, एक कोयतो दी रे."

तात्यांनी कोयता दिला. बुवांनी पंपाचं खालचं झाकण फिरवून उघडलं. आतून तळहातभर निळसर चिखल निघाला. तो त्यांनी थोड्या पाण्यात कालवला आणि कोयत्याचं टोक घासून त्यात बुडवलं. बाहेर काढलं तर टोक तांबूस झालं होतं, अगदी आमच्या पिनांसारखं.

"बघ," ते म्हणाले. "चुनो कमी पडलो काय मोरचूद लोखंडार असो लाल चढता. आमी दर फवारणीआधी कोयतो बुडवन बघतंव. त्या दिवशी शेवटच्या पिंपाक चुनो कमी पडललो, तां माका म्हायत आसा. पण ह्यो गाळ पंपात कसो ऱ्हवलो?" आणि ते माझ्याकडे वळले. "झिला, पंप धुतलंस मां?"

गाळातल्या मोरचूद-चुन्यामुळे दूध फाटलं होतं. फाटलेली साय आणि हा गाळ मिळून ड्रिलच्या पोटातलं भोक बुजलं होतं. भोक बुजलं म्हणून पंप जड झाला होता. लाल पिना बोलत होत्या, दूध बोलत होतं आणि पांडूदादा तर तोंडाने बोलला होता. हे सगळं माझ्या डोक्यात एकापाठोपाठ लागत गेलं.

"दोन बादल्यांनी धुतलंय," मी म्हणालो. आवाज फार लहान आला. म्हणून पुन्हा म्हणालो, "पांडूदादाचो पाय चुकूक नाय. तो सांगत होतो. मीच ऐकूक नाय."

मला वाटलं तात्या ओरडतील. त्यांनी भिंतीवरच्या पहिल्या ड्रिलच्या तुकड्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आंबोलीची गाडी कितीक आसा?"

बुवा म्हणाले, पाऊस आहे तोवर पंप तुमचा. उघडीप झाली की मी येऊन घेऊन जाणार. त्यांनी माझ्याकडून पंप त्यांच्यासमोर धुऊन घेतला, अकरा बादल्या. सगळं कुडाळ उन्हाची वाट बघत होतं आणि तात्या नि मी पाऊस पडो म्हणत होतो.

आंबोलीला उतरलो तेव्हा छत्री असूनही डोकं सोडून सगळा भिजलो. रस्त्याकडेला पांडूदादाच्या मावशीची चहाची टपरी आहे. तो तिथे भजी तळत होता. मला पाहून त्याने हातातला झारा खाली ठेवला नाही.

"काय रे मॅट्रिक? हय खंय?"

"तुका न्हेवक इलंय, दादा."

"कित्याक? तिसरो मोडूचो आसा?"

"पंपात गाळ होतो. पंप मी धुतललंय. दुसरो ड्रिल त्येना मोडलो."

"तां माका तेवाच कळलेला." त्याने भजी उलटली. "मगे तात्यांका तसां कित्याक सांगलंस?"

एसटीत मी तीन वाक्यं पाठ केली होती. तीनही चांगली होती. एकही आठवेना.

"भियालंय," मी म्हणालो.

त्याने भजी काढली, निथळवली, कागदावर ओतली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "भियाललो माणूस भजी खाता?"

"खातंय."

"खा मगे." मी खात असताना त्याने दुसरा घाणा कढईत सोडला. शेवटी म्हणाला, "येतंय. पण माझो पाय थांब म्हणात, तेवा तुझो हात थांबाक होयो. इचारूचा नाय."

तात्यांनी जानव्याची चावी सोडली. तिसरा ड्रिल बसवला. दूध नवं कालवलं, फडक्यातून दोनदा गाळलं. पांडूदादा दांडा धरून उभा राहिला, डोळे मिटले. माझा एक हात सारखा पट्टा सरकवायच्या दांडीवर होता, कारण पट्टा सरकवला की लेथ थांबतो. मागच्या वेळी तो हात माझ्या खिशात होता, हे मला आता आठवतं.

पहिल्या दिवशी तीस पिना झाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी बत्तीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर लख्ख ऊन. इतकं चांगलं ऊन मी इतक्या वाईट मनाने कधी पाहिलं नाही. नऊ वाजता बुवा आले. पंप मागितला नाही. उंबऱ्यावर बसले, छत्री मांडीवर घेतली आणि म्हणाले, "किती ऱ्हवले?"

"सोळा."

"दुपारसर ऊन टिकतला." आणि बसल्या बसल्या पांडूदादाच्या पायाबरोबर छत्रीच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरला. पाय कुठे ढळतो का, हे बुवांना कानाने कळत होतं. एकदाही ढळला नाही.

चौऱ्याण्णवावी पिन. ड्रिल पाऊण आत होता. मला सगळं ठीक दिसत होतं. दूध येत होतं, कीस येत होता.

"थांबय!"

माझा हात आधी गेला, डोकं मागून पोचलं. लेथ थांबला. ड्रिल हलकेच मागे घेतला, नळी सोडली. दुधाच्या पिंपाला काथ्याची दोरी बांधलेली होती. तिचा एक धागा, नखाएवढा, ड्रिलच्या मागच्या तोंडाशी अडकून होता. अर्धं भोक बंद झालं होतं. आणखी थोड्या वेळाने पूर्ण झालं असतं. दिसायला काहीच बिघडलं नव्हतं. एका पायालाच तेवढं कळलं होतं.

तात्यांनी सुईने तो धागा काढला आणि पांडूदादाच्या तळहातावर ठेवला. त्याने फुंकून उडवला. "उरलेले करूया काय? बुवांचा ऊन जाता."

शंभरावी पिन दुपारी जेवणाच्या आधी झाली. बुवांनी पंप स्वतः धुतला, माझ्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, आणि डोक्यावर घेऊन एसटीकडे गेले. मेस्त्री संध्याकाळी येऊन पिना घेऊन गेले. पुनवेला बाराही होड्या पाण्यात होत्या. मी बघायला गेलो नव्हतो. कारखान्यात झोपलो होतो, लेथच्या शेजारी, गोणपाटावर. तो लेथ अजून तिथेच आहे.

पुढे आमचा स्वतःचा पायपंप झाला. गेल्या वर्षीपासून इंजिनावर चालणारा पंप आहे, दाब दाखवणारा काटाही आहे. पांडूदादा आता अनवाणी पाऊल नळीवर टेकून बसतो. काटा एक सांगू लागला आणि पाय दुसरं, तर आम्ही लेथ थांबवतो. काटा दोनदा दुरुस्तीला गेला आहे. तिसरा ड्रिल घासून घासून निम्मा झाला, पण मोडलेला नाही.

कॉलेजात पहिल्या वर्षी रसायनाच्या तासाला सरांनी लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात बुडवला. खिळा लाल झाला. सगळ्यांनी समीकरण उतरवून घेतलं. सरांनी विचारलं, असं का झालं कोण सांगेल? मला कारण ठाऊक होतं, पण माझ्याजवळ ते ज्या शब्दांत होतं, ते वर्गात चालले असते की नाही याची खात्री नव्हती. मी हात वर केला नाही. मग दिवसभर स्वतःवर चिडलो होतो.

तात्यांनी तेव्हाच सगळ्यांना खरं सांगितलं होतं. मीही सांगितलं. पण ठेवलेलं नाव सांगून जात नाही. यंदा मसुऱ्याच्या जत्रेत आम्ही रांगेत उभे असताना मागून कोणीतरी हाक मारली, "ए ड्रिलमोड्या!" पांडूदादाने वळून हात केला, हसलाही. रांग पुढे सरकली. थोड्या वेळाने तो मला म्हणाला, "खंयतरी पुस्तकात लिवतंस म्हणे?"

"होय. कामाविषयी."

"मगे ह्यां लिव. दुसरो ड्रिल मी मोडूक नाय. बाकी तुका काय होया तां लिव."

म्हणून लिहितो. दुसरा ड्रिल पांडूदादाने मोडला नाही. त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही आणि मग खोटं बोललो. तो ड्रिल मी मोडला. त्याचा तुकडा आता भिंतीवर पहिल्याच्या शेजारी, दुसऱ्या खिळ्याला आहे.

अंक हातात आला की मी तो कारखान्यात नेणार आहे. पांडूदादाला वाचता येत नाही, तेव्हा वाचून मीच दाखवणार. त्यासाठी इंजिन बंद करावं लागेल. आणि शेडची बाजूची खिडकीही उघडावी लागेल, म्हणजे शेजारच्या दुकानात नीट ऐकू जाईल.